उकाड्यावर जाकीट

फॉर्म्युला वन या मोटारशर्यतीच्या नियमावलीत २०२५ च्या हंगामापासून एका नव्या कलमाची भर पडली. शर्यतीच्या वेळी उष्णता निर्देशांक ३१ अंश सेल्सिअसच्या वर जाईल असा हवामानाचा अंदाज असेल, तर शर्यतीचे संचालक ‘उष्णतेचा धोका’ जाहीर करतात. धोका जाहीर झाला की प्रत्येक मोटारीत चालकाला थंड ठेवणारी यंत्रणा बसवावी लागते आणि त्या बदल्यात मोटारीचे किमान वजन ५ किलोग्रॅमने वाढवून दिले जाते. यंत्रणा म्हणजे बारीक नळ्या शिवलेला एक आगरोधक शर्ट, त्या नळ्यांतून थंड द्रव फिरवणारा पंप आणि थंडावा साठवणारी पेटी. बोलताना सगळे त्याला जाकीटच म्हणतात. यंत्रणा मोटारीत असणे सक्तीचे, पण चालकाने जाकीट अंगात घातलेच पाहिजे अशी सक्ती २०२५ मध्ये नव्हती. घालायचे नसेल तर त्याने अर्ध्या किलोचे वजन मोटारीत ठेवायचे. असा धोका पहिल्यांदा जाहीर झाला तो ऑक्टोबर २०२५ मधल्या सिंगापूरच्या शर्यतीआधी.

मोटारशर्यतीत रस नसलेल्या शिक्षकांनीही हे कलम जरूर पाहावे असे आम्हाला वाटते. वहन, अभिसरण, प्रारण, बाष्पीभवन, अप्रकट उष्मा असे जे जे आपण आठवी-नववीत वेगवेगळ्या तासांना शिकवतो, ते सगळे इथे एका माणसाच्या अंगाभोवती एकत्र आले आहे. कलम चांगल्या हेतूने केलेले आहे आणि त्यातला एक भाग तर फारच शहाणपणाचा आहे. पण ते प्रश्नाला चुकीच्या टोकाकडून भिडते, असे आमचे मत आहे.

कलमाचे मूळ ८ ऑक्टोबर २०२३ रोजी कतारमधल्या लुसैल येथे झालेल्या शर्यतीत आहे. शर्यत रात्रीची, म्हणजे सूर्याचा प्रश्नच नव्हता. तरी हवेचे तापमान तिशीच्या वर होते आणि दमटपणा भरपूर. विल्यम्स संघाच्या लोगन सार्जंटने शर्यत मध्येच सोडली. त्याच संघातल्या अलेक्झांडर अल्बनला शर्यतीनंतर वैद्यकीय केंद्रात न्यावे लागले. एस्तेबान ओकोंला पंधराव्या-सोळाव्या फेरीत हेल्मेटमध्येच उलटी झाली आणि तशा अवस्थेत त्याने उरलेल्या चाळीसेक फेऱ्या पुऱ्या केल्या. लान्स स्ट्रोलने नंतर सांगितले की वेगाच्या वळणांवर आपली शुद्ध हरपते की काय असे होत होते. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ७० मीटर जाते. दोन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली तर काय होईल, याचे गणित वर्गात मुलांनाच करू द्यावे.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट आमच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. फर्नांडो अलोन्सोने शर्यत चालू असताना रेडिओवर तक्रार केली की आसन उजव्या बाजूने भाजते आहे, आणि मोटार थांबेल तेव्हा अंगावर पाणी टाकता येईल का, असेही विचारले. आसन एकाच बाजूने भाजते आहे. हवामान काही एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार नसते. म्हणजे निदान ही उष्णता तरी कतारच्या हवेतून आलेली नव्हती. ती मोटारीच्या पोटातून येत होती.

हे दुखणे जुने आहे. जानेवारी १९५५ मध्ये ब्युनॉस आयर्सला अर्जेंटिनाची शर्यत तीन तास चालली. ऐन उन्हाळ्यातल्या त्या दिवशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने मोटार चालवणे फक्त दोघांना जमले, हुआन मान्वेल फान्जिओ आणि रोबेर्तो मिएरेस. बाकीच्यांनी आळीपाळीने मोटारी चालवून वेळ निभावली. फान्जिओ जिंकला, पण तापलेल्या सांगाड्याची नळी लागून त्याचा पाय भाजला होता. १९८२ मध्ये ब्राझीलची शर्यत पहिल्या क्रमांकाने संपवणारा नेल्सन पिके बक्षीस घ्यायला उभा राहिला आणि तिथेच कोसळला. जुलै १९८४ मध्ये अमेरिकेत डॅलसला सुमारे ४० अंशांच्या उन्हात नायजेल मॅन्सेल बंद पडलेली मोटार ढकलत निघाला आणि भोवळ येऊन रस्त्यावर पडला. डॅलसची ती शर्यत जिंकली केके रोसबर्गने. त्याने हेल्मेटच्या आत पाणी फिरणारी एक टोपी घातली होती. अमेरिकेतल्या स्टॉककार शर्यतींचे चालक अशा टोप्या तेव्हा सर्रास वापरत.

म्हणजे पाण्याने माणसाला थंड ठेवण्याची युक्ती फॉर्म्युला वनने १९८४ मध्ये डोळ्यांनी पाहिली होती, आणि तिच्यामुळे शर्यत जिंकता येते हेही पाहिले होते. मग नियम व्हायला चाळीस वर्षे का लागली? कारण वजन. या खेळात अंदाजे असे धरतात की १० किलो वजन वाढले तर प्रत्येक फेरीला ०.३ सेकंद जादा लागतात. ५ किलोला ०.१५ सेकंद. कतारच्या ५७ फेऱ्यांत ते साडेआठ सेकंद होतात, आणि २०२३ ची ती शर्यत मॅक्स व्हेरस्टॅपेनने पाच सेकंदांहूनही कमी अंतराने जिंकली होती. असा हिशेब समोर असताना कोणता संघ आपण होऊन बर्फाची पेटी वाहून नेईल?

वजनासाठी हे संघ कोणत्या थराला जातात याचा मासला १९८२ च्या त्याच ब्राझीलच्या शर्यतीत मिळतो. पिकेच्या आणि दुसऱ्या आलेल्या रोसबर्गच्या मोटारीत पाण्याच्या टाक्या होत्या. ब्रेक थंड करण्यासाठी पाणी, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात ते पाणी सुरुवातीलाच सोडून द्यायचे, हलकी मोटार पळवायची आणि शेवटी वजन करण्याआधी टाक्या पुन्हा भरायच्या. पुढे दोघांनाही बाद ठरवले गेले. मोटारीत पाणी होते, थंड करण्याचे नाव होते आणि चालक मात्र उकाड्याने कोसळला होता!

म्हणून नव्या कलमातला वजन वाढवण्याचा भाग आम्हाला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. सर्वांच्या मोटारी सारख्याच जड झाल्या की यंत्रणा न बसवण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. त्याआधी २०२४ मध्ये कॉकपिटमध्ये हवा घेणारे एक तोंड मोटारीच्या वरच्या अंगाला बसवायची परवानगी दिली होती. परवानगी होती, सक्ती नव्हती. हवेला अडथळा वाढवणारी वस्तू परवानगीवर सोडली तर काय होणार हे सांगायला नको.

शिवाय हवेचा झोत हा इथे फारसा बलवान उपाय नाही. का, ते पाहू. आपले शरीर स्वस्थ बसलेले असताना सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकते, एका जुन्या दिव्याइतकी. अंगमेहनत करताना हाच आकडा चार-पाच पट होतो. ही उष्णता हवेने नेऊन टाकायची तर हवा कातडीपेक्षा बरीच गार हवी. एक घनमीटर हवेचे तापमान एका अंशाने वाढवायला साधारण १.२ किलोज्यूल उष्णता लागते. कातडी ३५ अंशांवर आणि बाहेरची हवा ३२ वर असेल, तर एक घनमीटर हवा फार तर ३.६ किलोज्यूल नेईल. २०० वॅट उष्णता काढायला दर सेकंदाला ५६ लीटर हवा प्रत्यक्ष कातडीला घासून जायला हवी. चालकाच्या अंगावर आगरोधक कापडाचे दोन-तीन थर, पायांत बूट, हातमोजे, डोक्यावर हेल्मेट. हवा कातडीपर्यंत पोचणार कशी?

आणि हवा आत घ्यायची ती कुठून, हाही प्रश्न असतो. स्टॉककार शर्यतीत पुढच्या मोटारींचा धूर चालकाच्या नाकात जातो. रिक मास्ट या अमेरिकन चालकाला २००२ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेमुळे शर्यती सोडाव्या लागल्या.

राहिला घाम. एक किलो पाण्याची कातडीवर वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. उकाड्याच्या शर्यतीत चालकाचे वजन दोन-तीन किलोंनी घटते असे नेहमी सांगितले जाते. दोन किलो घामाची दीड तासात वाफ झाली असती, तर शरीराने जवळजवळ ९०० वॅट या दराने उष्णता टाकली असती. मग चालकाला त्रास व्हायचे कारणच नव्हते. खरी गोम अशी की त्या घामाची वाफ होतच नाही. तो कपड्यांत मुरतो, बुटांत साचतो. अंगातले पाणी तर गेले, आणि थंडावा मिळाला नाही. घाम आल्याने नव्हे, घाम वाळल्याने अंग थंड होते. हा फरक आपल्या पाठ्यपुस्तकांत एका वाक्यात उरकलेला असतो. दोन तापमापकांच्या फुग्यांना ओले फडके गुंडाळावे, एकावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधावी आणि दोन्हींवर पंखा सोडावा. दहा मिनिटांत मुलांना फरक वाचता येतो.

पिशवीची जागा कतारमध्ये दमट हवाही घेते. ३५ अंशांच्या ओल्या कातडीवर वाफेचा दाब सुमारे ४२ मिलीमीटर पारा असतो. हवा ३२ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असेल तर हवेतल्या वाफेचा दाब जवळजवळ २७ मिलीमीटर. फरक १५ चा. उलट हवा ४० अंश, पण आर्द्रता २० टक्केच असेल, तर तो दाब ११ मिलीमीटर आणि फरक ३१ चा. म्हणजे तापमान आठ अंशांनी जास्त असूनही कोरड्या हवेत घाम वाळायला दुप्पट जोर आहे. कोकणातल्या आणि विदर्भातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अशा परिस्थितीत जाकिटाची कल्पना बिनतोड वाटते. ते हवेवरही अवलंबून नाही आणि घामावरही. उष्णता सरळ वहनाने नळीतल्या द्रवात जाते आणि द्रव ती पेटीत नेऊन टाकतो. पेटीत बर्फ आहे असे धरून हिशेब करू. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, आणि ते पाणी पुढे ३० अंशांपर्यंत तापले तर आणखी १२६, एकूण ४६०. दीड तास म्हणजे ५४०० सेकंद २०० वॅट उष्णता काढायची तर १०८० किलोज्यूल हवेत, म्हणजे सुमारे २.३ किलो बर्फ. पेटी, पंप, नळ्या आणि द्रव यांचे वजन धरले तर नियमातले ५ किलो वाजवी दिसतात. बर्फाऐवजी घनरूप कार्बन डायऑक्साइड वापरण्याची पद्धतही आहे. ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्स शर्यतींत ती रुळलेली आहे. द्रव किती गार ठेवायचा यालाही मर्यादा आहे. फार गार केला तर कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, कातडीकडे येणारे रक्त कमी होते आणि आतली उष्णता आतच राहते.

पण या हिशेबातच जाकिटाचे दुबळेपणही दिसते. बर्फ संपला की संपला. त्यानंतर नळ्यांतला द्रव पेटीच्या आसपासची उष्णता गोळा करू लागतो आणि पंप ती इमानेइतबारे चालकाच्या छातीभोवती फिरवतो. थंड करणारे जाकीट मग ऊब देणारे जाकीट होते. काही चालकांची तक्रार अशी की पट्ट्यांखाली नळ्या रुततात. आम्ही तिला नाजूकपणा म्हणणार नाही. त्या पट्ट्या आवळून बांधलेल्या असतात आणि प्रत्येक वळणावर शरीर त्यांवर अनेक पटींच्या वजनाने रेलते.

आमचा मुख्य आक्षेप मात्र जाकिटावर नाही. तो या गोष्टीवर आहे की कलम उष्णता कुठून येते हे विचारतच नाही. फॉर्म्युला वनच्या मोटारीत चालकाच्या पाठीमागे इंधनाची टाकी आणि तिच्यामागे इंजिन असते, दोन्ही बाजूंना पाणी आणि तेल थंड करणारे रेडिएटर असतात, आणि कॉकपिटच्या आसपास वीजयंत्रणेच्या पेट्या व गरम तेलाच्या नळ्या असतात. आसन चालकाच्या अंगाच्या साच्यावरून बनवलेले, त्यामुळे पाठ आणि मांड्या त्याला चिकटून. तिथे घाम वाळायला मुळीच वाव नाही, आणि वहनाला मात्र पूर्ण मोकळीक. अलोन्सोला जे भाजले ते इथे.

उगमापाशी उष्णता अडवण्याचे उपाय साधे आहेत. ६०० अंशांवर तापलेली काळी नळी दर चौरस मीटरला जवळजवळ ३३ किलोवॅट प्रारण फेकते. ३०० अंशांवरची फक्त ६ किलोवॅट, कारण प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. मध्ये नुसता काळा पत्रा उभा केला तरी पलीकडे जाणारे प्रारण जवळजवळ निम्मे होते, आणि पत्रा चकचकीत असला तर फारच थोडे उरते. १९९० च्या दशकात मॅक्लारेन कंपनीने रस्त्यावर चालवायची जी प्रसिद्ध मोटार काढली, तिच्या इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावला होता. हौस म्हणून नव्हे. अवरक्त किरण परतवण्यात सोन्याचा हात धरणारे पदार्थ थोडे आहेत. किलोभर बर्फ वितळेपर्यंतच काम करतो, किलोभर उष्णतारोधक थर मात्र शेवटच्या फेरीपर्यंत. तरीही नियमाने वजन वाढवून दिले ते जाकिटासाठी, आसनाखालच्या थरासाठी नाही. ते ५ किलो कशावर खर्च करायचे हे संघांवर सोडून ‘आसनाचा पृष्ठभाग अमुक अंशांच्या वर जाता कामा नये’ एवढेच म्हटले असते, तर ही अभियंतेमंडळी अर्ध्या वर्षात काहीतरी अफलातून करून बसली असती.

असा नियम करता येतो, याला दाखला आहे. ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीच्या संयोजकांनी बंद मोटारींसाठी पूर्वीच असे ठरवले होते की बाहेरची हवा २५ अंशांपर्यंत असेल तर चालकाभोवतीचे तापमान ३२ च्या वर जाऊ नये, आणि बाहेर त्याहून गरम असेल तर बाहेरच्यापेक्षा ७ अंशांहून जास्त असू नये. म्हणजे माणूस जिथे बसला आहे तिथेच तापमान मोजायचे.

फॉर्म्युला वनचे कलम मोजते ते मैदानावरच्या हवेचा निर्देशांक. हा निर्देशांक रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या कोष्टकांवर आधारलेला आहे. त्यात गृहीत धरलेला माणूस सावलीत, मंद वाऱ्यात, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि विजार घालून सावकाश चालतो आहे. हवा २९ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असली की त्याला ३१ अंशांसारखे वाटते. त्याच हवेत तीन थरांत गुंडाळलेल्या आणि गरम पेट्यांमध्ये बसलेल्या माणसाला कसे वाटेल, हे ते कोष्टक सांगत नाही. सांगावे म्हणून ते केलेलेही नाही. आजूबाजूच्या तापलेल्या वस्तूंचे प्रारण त्यात नाही. प्रारण धरणारे एक माप १९५० च्या दशकात अमेरिकी सैनिकांच्या प्रशिक्षण शिबिरांसाठी तयार झाले. त्यात ओल्या फुग्याच्या तापमापकाला ७० टक्के, काळ्या गोलातल्या तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला १० टक्के महत्त्व देतात. तांब्याच्या छोट्या गोळ्याला काजळी फासून हे साधन शाळेतही करता येते. ते कॉकपिटमध्ये ठेवायला कुणाचीच हरकत नसावी.

चालक किती उष्णता निर्माण करतो याचाही कलमात विचार नाही. २०२३ मध्ये कतारला धावपट्टीच्या कडांवरून जाताना टायर खराब होत असल्याचे आढळले, म्हणून एक टायरसंच १८ फेऱ्यांहून जास्त वापरू नये अशी मर्यादा ऐनवेळी घातली गेली. एरवी चालक टायर जपण्यासाठी मध्ये मध्ये वेग आवरतात आणि तेवढीच त्यांना उसंत मिळते. त्या दिवशी जपायचे कारणच उरले नाही आणि सगळे ५७ फेऱ्या जीव तोडून पळवत राहिले. टायरच्या सुरक्षिततेसाठी केलेला नियम चालकाच्या अंगावर आला. उष्णतेचा धोका जाहीर करताना अशा इतर निर्णयांचाही हिशेब धरायला हवा.

२०२४ मध्ये कतारची शर्यत १ डिसेंबरला झाली. दोन महिने पुढे ढकलणे या उपायाला ना नळ्या लागतात ना बर्फ, आणि वजनही काही नाही. सिंगापूरला मात्र तो लागू पडत नाही. ते शहर विषुववृत्तापासून दीड अंशही दूर नाही आणि तिथला डिसेंबर ऑक्टोबरसारखाच दमट असतो. तिथली शर्यत दीड तासाहून जास्त चालते, वळणे एकामागून एक येतात आणि दोन्ही बाजूंना भिंती असतात. तिथे जाकीट हवेच, आणि वरच्या हिशेबाने बर्फही पाव किलो जास्त हवा. आसनाखालच्या पेट्यांना मात्र अजून कुणी हात लावलेला नाही.